कचऱ्याच्या डब्यातली डिझाइनं

मंगळवारी सकाळी भावजी दुकानात आले ते पेन ड्राइव्ह नाचवतच. म्हणाले, "आज नवी सिस्टीम टाकून मोकळा होतो. जुनं सगळं उडवायचं, कॉम्प्युटर एकदम कोरा."

ठरलं होतं शुक्रवारी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवारच्या चौकटीत त्यांनीच गोल काढला होता. मी म्हटलं, "शुक्रवारी टाकणार होता ना?"

"शुक्रवारी मला काम आहे. का, तुम्हाला काय अडचण?"

अडचण होती, पण ती सांगता येत नव्हती.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. अर्ध्या खोलीत बारा सुयांचं भरतकामाचं मशीन आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही चौघं. शाळा, दवाखाने, रखवालदार, खेळाडू, ज्यांना म्हणून छातीवर नाव किंवा बिल्ला लागतो ते सगळे आमच्याकडे येतात. नवरा मशीन चालवतो. सासूबाई बिल्ल्यांचे सुटे दोरे कापतात आणि मागचं कापड कातरतात. भावजी व्यवहार बघतात. व्यवहार बघणं म्हणजे फोन कानाला लावून दारात उभं राहणं. आणि मी पंचिंग करते. गिऱ्हाईक चित्र देतं, ते मशीनला कळत नाही. मशीनला फक्त टाके कळतात. सुई कुठून घुसेल, कुठं निघेल, रंग कधी बदलेल, दोरा कुठं तुटेल, हे सगळं कॉम्प्युटरवर एकेक रेघ ओढून सांगावं लागतं. एका बिल्ल्यात आठ-नऊ हजार टाके असतात. त्यातला एक चुकला की पुढचे शंभर वाकडे.

हे काम भावजी करतात असं सगळं गिऱ्हाईक समजतं. कारण भिंतीवर भावजींचं सर्टिफिकेट आहे, काचेत. सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. आजूबाजूचे दुकानदार त्यांना 'इंजिनिअर' म्हणून हाक मारतात आणि भावजी ओ देतात. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकले. पहिल्या वर्षात त्यांनी खुर्ची सोडली, ती परत मागितली नाही. मागितलं ते फक्त नाव.

तीन वर्षांपूर्वी मी एक खंड्या पक्षी केला होता. कुणी सांगितला नव्हता, हौस म्हणून केला. निळ्याच्या चार छटा, चोच एका दमात, डोळ्याला फक्त अकरा टाके. पोहण्याच्या क्लबवाले बिल्ला शोधत आले तेव्हा भावजींनी तो काढून दाखवला. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "वा, कसबी हात आहे तुमचा." भावजी म्हणाले, "दोन दिवस मान मोडून बसलो होतो." मी तिथंच होते, चहाचे कप उचलत. मी काही बोलले नाही. मला अजून राग येतो तो भावजींचा नाही. त्या कप उचलणाऱ्या बाईचा.

त्यानंतर माझं स्वतःचं काम मी लपवायला लागले. पण लपवणार कुठं? कॉम्प्युटर एक, पासवर्ड एक, भावजींचा हात सगळीकडे. माझ्या नावाचं फोल्डर केलं तर विचारतील हे काय. दुसरं काही नाव दिलं तर उघडून बघतील. मग मला सुचलं की या घरात एक जागा अशी आहे जिथं कुणी पुरुष कधी हात घालत नाही. कचऱ्याचा डबा. स्वयंपाकघरातलाही आणि कॉम्प्युटरवरचाही. आठ वर्षांत भावजींनी तो एकदाही रिकामा केला नव्हता. मी डिझाइन पूर्ण करायची आणि डिलीट मारायची. फाइल डब्यात जाऊन पडायची. पुन्हा काम करायचं असलं की बाहेर ओढायची, झालं की परत डब्यात. बाकीचे जेवायला बसले की मी 'एवढं संपवून येते' म्हणायची आणि अर्धा तास माझा असायचा. अशी त्र्याऐंशी डिझाइनं झाली. आकडा मला पाठ आहे, कारण वहीत एकेकाचा नंबर घातला होता.

आणि गुरुवारी ती मला लागणार होती. गावाबाहेर गणवेशांचा मोठा कारखाना आहे, अशी वीस मशीन एका रांगेत. तिथल्या मालकीणबाई एकदा आमच्याकडे तातडीचं काम घेऊन आल्या होत्या. भावजी दारात फोनवर होते. बाई माझ्यामागे उभ्या राहून पंधरा मिनिटं बघत राहिल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "इथं काय करताय तुम्ही? गुरुवारी अकराला या. तुमचं स्वतःचं काम घेऊन या. नुसतं तोंडी सांगणारे रोज येतात माझ्याकडे." बुधवारी भावजी दोरे आणायला घाऊक बाजारात जातात, सबंध दिवस. बुधवारी नवरा जेवायला गेला की मशीनला लावलेला पेन ड्राइव्ह काढून मी फाइली उतरवून घेणार होते. सगळं नीट बसवलं होतं. फक्त भावजींना शुक्रवारी काम निघेल हे धरलं नव्हतं.

"काही अडचण नाही," मी म्हटलं. "आधी कॉपी तरी काढून ठेवा सगळ्याची."

"तेवढं कळतं मला, वहिनी."

त्यांनी कॉपी काढण्यासाठी कुणाकडून तरी मोठी हार्ड डिस्क मागून आणली होती. ती जोडली. ऑर्डरींचं फोल्डर ओढलं, बिलांचं ओढलं, फोटोंचं ओढलं. पट्टी हळूहळू हिरवी होत गेली. मी बाजूच्या स्टुलावर बसून बिल्ल्यांच्या थप्प्या लावत होते. नवरा मशीनवर होता, रखवालदारांच्या कंपनीचे दोनशे बिल्ले चालू होते, खडखड खडखड. सासूबाई खिडकीशी कातरी घेऊन.

मी हिशेब करत होते. भावजी चहाला उठले तर दोन मिनिटं मिळतील. फाइली बारक्या, दोन मिनिटं पुरतील. पण उतरवायच्या कशावर? दुकानात पेन ड्राइव्ह दोनच. एकात नवी सिस्टीम, तो भावजींच्या खिशात. दुसरा मशीनला लावलेला, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर. माझा स्वतःचा का नव्हता? कारण मी आणला असता तर तीन जणांनी तीनदा विचारलं असतं, कशाला. या घरात मला सुई घ्यायची तरी कारण सांगावं लागतं आणि भावजींनी नवा मोबाइल आणला तरी सगळे म्हणतात, "बघू, बघू!"

"भावजी, चहा?"

"इथंच आणा. आता उठत नाही मी."

झालं. नेहमी चहासाठी कोपऱ्यावर जाऊन अर्धा तास घालवणारा माणूस आज खुर्चीला चिकटला होता.

पट्टी मध्येच थांबली. भावजी म्हणाले, "हिच्यात जागाच कमी पडतेय. व्हिडिओच केवढे आहेत." मग स्वतःशीच म्हणाले, "आधी कचरा काढून टाकू. डबा नुसता वाहतोय."

त्यांनी डब्यावर बाण नेला, उजवं बटण दाबलं. यादी उघडली. वरून दुसरी ओळ: रिकामा करा.

डबा रिकामा करून डिस्कवर एक इंचही जागा वाढली नसती, कॉपी घेताना डबा कुठं येतो मध्ये? पण हे त्यांना सांगत बसायला वेळ नव्हता.

"हात काढा," मी म्हटलं.

मला वाटलं मी हळू बोलले. पण नवऱ्यानं वळून बघितलं, म्हणजे मशीनच्या वर आवाज गेला असणार.

"काय?"

"माउसवरनं हात काढा, भावजी. त्या डब्यात माझं काम आहे."

"कचऱ्यात?"

"कचऱ्यात."

भावजींना आधी हसू आलं. "अहो वहिनी, तो डबा आहे. तिथं टाकून दिलेलं असतं. काम ठेवायला फोल्डर असतात. एवढी वर्षं कॉम्प्युटरवर बसता आणि—"

"टाकून दिलेलं नाही. लपवलेलं आहे. तुमच्यापासून."

सासूबाईंची कातरी थांबली.

मी उठले, मशीनपाशी गेले आणि त्याला लावलेला पेन ड्राइव्ह ओढून काढला. नवरा ओरडला, "अगं, चालू आहे! बिल्ला जाईल!"

"काही जात नाही. डिझाइन मशीनच्या पोटात गेलंय कधीच, हा नुसता बाहेर लोंबकळत होता. दहा वर्षं मशीन चालवताय, एवढं माहीत नाही?"

मशीन खडखडत राहिलं. नवरा त्याच्याकडे असा बघत होता की जणू त्यानं दगा दिला.

मी भावजींच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. ते उठले नाहीत, म्हणून मी तशीच वाकून डबा उघडला. वर भावजींचे सामन्यांचे व्हिडिओ, एकेक भलामोठा, बघून झाले की फेकलेले. त्याच्याखाली माझ्या फाइली. तारखेप्रमाणे लावून घेतल्या. सगळ्या निवडल्या. खाली आकडा आला.

बावन्न.

मी पुन्हा निवडल्या. बावन्न. वही काढली, नंबर ताडून पाहिले. एक ते एकतीस नव्हते. बत्तीसपासून पुढचे सगळे होते.

कळायला मिनिटभर लागलं, आणि कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. डब्यालाही माप असतं. भरला की कॉम्प्युटर तळातलं जुनं आपणहून काढून टाकतो, विचारत नाही. भावजी वरून सामने टाकत होते आणि तळातून माझं एकेक जात होतं. मी दर आठवड्याला डबा उघडायची, वरच्या चार फाइली दिसल्या की निश्चिंत व्हायची. खालपर्यंत कधी गेलेच नाही. पहिल्या वर्षाचं सगळं काम संपलं होतं. कधी, कुणाला माहीत. कुणी चोरलं नव्हतं, कुणी पुसलं नव्हतं. मीच तीन वर्षं डोकं चालवून अशी जागा शोधली होती, जिथनं वस्तू आपोआप नाहीशा होतात.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"एकतीस गेल्या."

"मी काही केलं नाही हां," भावजी लगेच म्हणाले.

"तुम्ही केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

मी उरलेल्या बावन्न पेन ड्राइव्हवर घेतल्या. अर्ध्या मिनिटाचं काम. एक उघडून बघितली, नीट उतरली का म्हणून. स्क्रीनवर टाके एकामागे एक पडायला लागले, हिरवी वेल, तिच्यात दडलेला सरडा. भावजी बघत राहिले. सरड्याची शेपटी पूर्ण झाली तशी त्यांचा आवाज बदलला.

"हे तुम्ही कधी केलंत?"

"तुम्ही जेवत होता तेव्हा."

"आणि ठेवलंत दडपून? याच्यावर किती ऑर्डरी आल्या असत्या! हे दुकानाचं काम आहे, वहिनी. कॉम्प्युटर दुकानाचा, सॉफ्टवेअर दुकानाचं, वीज दुकानाची. एक कॉपी इकडे राहिलीच पाहिजे."

"खुर्चीपण दुकानाची आहे. तिच्यावर बसून तुम्ही सामने बघितलेत, ते कुणाचे?"

नवरा फिसकन हसला आणि लगेच मशीनकडे वळला.

"चेष्टा नकोय," भावजी म्हणाले.

"मीही चेष्टा करत नाही. या सरड्याचा पहिला टाका कुठं पडतो ते सांगा. शेपटीत, पायात की डोळ्यात? बरोबर सांगितलंत तर बावन्नच्या बावन्न तुमच्या."

भावजींनी स्क्रीनकडे पाहिलं. मग सर्टिफिकेटकडे नाही, पण त्याच भिंतीकडे पाहिलं. मी फाइल बंद केली आणि पेन ड्राइव्ह मुठीत धरला.

"पण तुला या आत्ताच कशाला पाहिजेत?" नवऱ्यानं विचारलं. तो तसा बोलत नाही, पण विचारतो तेव्हा नेमकं विचारतो.

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी सांगितलं. कारखाना, वीस मशीन, मालकीणबाई, गुरुवार, अकरा वाजता.

मशीन थांबलं, बिल्ला पूर्ण झाला होता. नवऱ्यानं पुढच्या कापडाची फ्रेम लावली नाही.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय म्हणाला असतात?"

त्यानं विचार केला. हा त्याचा एक गुण आहे, खोटं बोलायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो खरं बोलून जातो. "नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

"मग इथलं पंचिंग कोण करणार?" भावजी म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. जे काम तेच करतात असं सगळ्या बाजाराला माहीत होतं, ते कोण करणार असं ते मला विचारत होते.

"इंजिनिअर आहेत की," मी म्हटलं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं आता सुरू होणार, घर, माणसं, आम्ही कसं केलं. त्या स्क्रीनजवळ आल्या, चष्मा वर सरकवला. "ते परत दाखव. ते वेलाचं."

मी दाखवलं. त्यांनी हयातभर हातानं भरतकाम केलंय, मशीन यायच्या आधी. दुकान त्यांच्या बोटांवर उभं राहिलं आणि पाटीवर नाव सासऱ्यांचं लागलं. त्या टाके पडताना नुसत्या बघत राहिल्या, ओठ हलत होते, मोजत असाव्यात.

"पानं उलटी भरलीयस," त्या म्हणाल्या.

"कुठं उलटी?"

"देठाकडनं टोकाकडे गेलीयस. टोकाकडनं देठाकडे यायचं. आता दिसेल छान, पण दोन धुण्यांत टोक आक्रसेल. सरडा बरा आहे."

मला वाईट वाटलं, आणि त्या बरोबर होत्या. लग्नानंतर अकरा वर्षांत माझ्या कामाबद्दल या घरातलं कुणी पहिल्यांदा खरं काही बोललं होतं, आणि ती चूक दाखवली होती.

"किती दिवस आहेत मध्ये?" त्यांनी विचारलं.

"उद्याचा एक."

"मग उद्या पानं सुलटी करून घे. बाई जाणकार असेल तर पहिलं तेच बघेल." आणि त्या परत खिडकीशी जाऊन बसल्या. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत.

पानं सुलटी करायला कॉम्प्युटर पाहिजे आणि कॉम्प्युटर भावजींनी तेवढ्यात व्हिडिओ वगळून बाकीची कॉपी उरकून बंद केला आणि त्यात नवी सिस्टीम घुसवली होती. रागात होते, भराभर दाबत होते. कुठली भाषा, दाबलं. अटी मान्य, दाबल्या. जुने भाग पुसायचे का, सगळं कायमचं जाईल, दाबलं. दहा टक्के, तीस टक्के, मग बंद पडून पुन्हा चालू. नाव काय, पासवर्ड काय, असं स्क्रीननं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे चोरून बघितलं. मी म्हटलं, "टाका तुमचंच." त्यांनी टाकलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. महिन्यापूर्वी वाटलं असतं.

दुपारी दोनपर्यंत कोरा करकरीत पडदा आला. अक्षरं एवढी ढब्बू की तीन चित्रांत स्क्रीन भरली. भावजींनी ते नीट केलं, तेवढं त्यांना येतं. पंचिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. मग त्याची चावी लावली. हे सॉफ्टवेअर एका छोट्या चावीशिवाय उघडत नाही, पेन ड्राइव्हसारखी दिसते, मागे खोचायची. खोचली. सॉफ्टवेअरनं सांगितलं, चावी सापडली नाही. काढून पुन्हा खोचली. सापडली नाही. दुसऱ्या भोकात. सापडली नाही. फुंकर मारून. नाही.

अर्धा तास गेला. कंपनीला फोन लावला, कुणी उचलला नाही. रखवालदारांची ऑर्डर संपत आली होती, दवाखान्याचं नवं काम उद्या सकाळी पाहिजे होतं, त्याचं पंचिंग अजून अर्धं बाकी. भावजींच्या कपाळावर घाम आला. नवरा माझ्याकडे बघत होता. सासूबाई बघत नव्हत्या, म्हणजे त्याही बघत होत्या.

मला उत्तर माहीत होतं. मागच्या वेळी कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मीच शोधलं होतं आणि श्रेय नेहमीच्या ठिकाणी गेलं होतं. मला मनातून म्हणायचं होतं, बसा आता. गुरुवारनंतर रोज बसायचंच आहे. पण पानं मलाही सुलटी करायची होती, उद्या, याच कॉम्प्युटरवर. आणि दुसरं एक होतं. मी निघून गेले आणि दुकान बसलं, तर सगळे म्हणणार हिनं बुडवलं. मी शिकवून गेले, तर बुडवायचं की तारायचं ते त्यांचं ते बघतील.

मी स्टूल त्यांच्या खुर्चीमागे ओढलं.

"उठू का?" भावजींनी विचारलं. अर्धे उठलेही.

"बसा. तुम्हीच करायचंय."

"तुम्ही पटकन करून द्या ना, वहिनी. उगाच वेळ—"

"मी गुरुवारी अकराला इथं नसेन. बसा खाली."

ते बसले. मी माउसला हात लावला नाही. हात मांडीवर ठेवले, एकावर एक, कारण ते सारखे पुढं जात होते.

"चावी काढा आधी. चावी लावायच्या अगोदर तिला ओळखणारा प्रोग्राम टाकावा लागतो, तुम्ही उलटं केलंत. आता कॉम्प्युटरनं तिला चुकीचं ओळखून ठेवलंय. ती ओळख पुसायची. जोडलेल्या वस्तूंची यादी उघडा."

"कुठं असते?"

"शोधा. मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांना चार मिनिटं लागली. यादी उघडली. पिवळ्या खुणेची एक ओळ होती. त्यांचा बाण तिच्यावरून दोनदा पुढं गेला आणि परत आला.

"ही?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"हीच असावी."

"मग काढा. सॉफ्टवेअरच्या खोक्यात त्या प्रोग्रामची जुनी सीडी आहे ती लावा. आणि नवं काही खोचायच्या आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मोठ्यानं वाचा, मला ऐकू येईल असं."

भावजी वाचायला लागले.